लोणारला जाताना : वडीलधाऱ्यांच्या सहलीची आखणी

पावसाळा सरत आला की दवाखान्यात एक प्रश्न हमखास येतो. मुलगा किंवा सून आई-वडिलांचा रक्तदाब तपासून घेते, औषधांची चिठ्ठी हाती घेते आणि उठता उठता विचारते, "डॉक्टर, यांना लोणारला नेलं तर चालेल का?" प्रश्न ज्यांच्याविषयी असतो, ते शेजारच्याच खुर्चीवर बसलेले असतात. त्यांना मात्र कोणी काही विचारत नाही. मीही कित्येक वर्षे विचारले नाही. त्या न विचारण्याची किंमत मला माझ्या आईच्या बाबतीत मोजावी लागली. ती हकीकत पुढे येईलच. आधी ज्या ठिकाणी जायचे, त्याची ओळख करून घेऊ.

दरी कशी आहे

लोणार हे बुलढाणा जिल्ह्यातील तालुक्याचे गाव. बुलढाणा शहरापासून अंतर सुमारे ९० किलोमीटर, मेहकरपासून त्याच्या तिसऱ्या हिश्श्याहूनही कमी. समृद्धी महामार्ग झाल्यापासून नागपूर किंवा शिर्डीकडून येणाऱ्यांची वाटही सोपी झाली आहे. रस्त्याच्या दोन्ही बाजूंना सोयाबीन, तूर, कपाशीची शेते. कुठे मोठा डोंगर नाही. गाव ओलांडून काठावर पोहोचेपर्यंत पुढे काय आहे याची चाहूलही लागत नाही. आणि मग पायांपुढची जमीनच संपते.

ही दरी गोल आहे. नदीने कोरलेली नव्हे, तर आकाशातून आलेल्या अशनीच्या आघाताने क्षणार्धात तयार झालेली. बेसॉल्ट या काळ्या पाषाणात तयार झालेली अशी विवरे पृथ्वीवर अगदी मोजकी असून, त्यांत लोणारची गणना अग्रभागी होते. काठापासून काठापर्यंतचे अंतर सुमारे १.८ किलोमीटर, खोली जवळजवळ १५० मीटर आणि तळाशी सुमारे १.२ किलोमीटर व्यासाचे खारे तळे. कड्यांमध्ये लाव्हाचे थर एकावर एक रचलेले दिसतात. हे थर सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वीचे आहेत. विवर त्या मानाने अलीकडचे. त्याचे वय पूर्वी ५२ हजार वर्षे मानले जाई. पुढे झालेल्या मापनातून ते पावणेसहा लाख वर्षांच्या आसपास असल्याचे अनुमान निघाले. १८२३ मध्ये सी. जे. ई. अलेक्झांडर या इंग्रज अधिकाऱ्याने या स्थळाची नोंद केली. पण 'आईन-ए-अकबरी'तही लोणारचा उल्लेख आहे, आणि लवणासुराच्या वधाची कथा तर इथल्या प्रत्येक आजीला पाठ आहे. नोव्हेंबर २०२० मध्ये हे तळे आंतरराष्ट्रीय महत्त्वाच्या रामसर पाणथळ स्थळांच्या यादीत गेले. त्याच वर्षीच्या जून महिन्यात तळ्याचे पाणी गुलाबी झाले होते, ते वाचकांना आठवत असेल. खाऱ्या पाण्यात वाढणाऱ्या सूक्ष्मजीवांमुळे तो रंग आला होता, असे पुण्याच्या आघारकर संशोधन संस्थेतील अभ्यासातून दिसून आले.

पाऊस झाला की कड्यांवरून ठिकठिकाणी पाण्याचे ओहोळ खाली येतात. मात्र एक धार बारमाही आहे. काठाजवळच्या देवळांच्या समूहात गोमुखातून ती पडते. पायथ्याला इतके क्षारयुक्त पाणी आणि काठावर ही गोडी धार, हे पाहून माणूस थबकतो. गावकरी तिला नुसते 'धार' म्हणतात.

तीन टप्पे, तीन वेगळ्या सहली

लोणारला 'नेले तर चालेल का' या प्रश्नाला एक उत्तर नाही, कारण लोणार एक नसून तीन आहेत.

पहिला टप्पा काठाचा. इथे मोटार जाते. खुर्ची टाकून बसावे आणि सगळी दरी एका नजरेत पाहावी. खाली हिरवे रान, मधे तळे, मोरांची केका, माकडांची लगबग. ज्यांना चालवत नाही, ज्यांचे नुकतेच शस्त्रक्रिया किंवा हृदयविकाराचे उपचार झाले आहेत, ज्यांना दम लागतो, त्यांच्यासाठी हा टप्पा पुरेसा आहे. 'पुरेसा' हा शब्द मी जाणूनबुजून वापरतो. विवराचा संपूर्ण गोल आकार काठावरूनच कळतो. तळाशी गेलेल्याला तो कळत नाही. गावातील दैत्यसूदन मंदिरही याच टप्प्यात धरा. त्याच्या भिंतींवरील शिल्पकाम पाहायला उत्साही माणसाला एक तास पुरत नाही.

दुसरा टप्पा धारेचा. इथे पायऱ्या उतराव्या लागतात, आणि त्या ओल्या असू शकतात. ज्यांना घरचा जिना आधाराविना चढता-उतरता येतो त्यांनी जावे. इतरांनी वरूनच पाहावे. पायऱ्यांवर शेवाळ दिसले तर बेत तिथेच थांबवावा. सत्तरीनंतर खुब्याचे हाड मोडणे म्हणजे काय, हे मी रोज पाहतो.

तिसरा टप्पा तळाचा. धारेपासून पुढे रानातून पायवाट जाते. दगड, मुळे, पाचोळा. काठावरून तळापर्यंतची खोली मजल्यांत मोजली तर चाळिसाहून अधिक मजले होतात. तितकेच परत चढायचे असते, आणि तेही ऊन वाढल्यावर. खाली वाहन जात नाही. कोणाला भोवळ आली तर त्याला माणसांनीच उचलून वर आणावे लागते. कमळजा देवीचे मंदिर तळ्याच्या काठी असल्याने श्रद्धाळूंची ओढ तिकडे असते. मात्र तळ्याचे पाणी वाढले की काठची वाट बदलते. तेव्हा निघण्यापूर्वी वन विभागाच्या कर्मचाऱ्यांकडे चौकशी अवश्य करावी.

डोंगर चढण्यात कष्ट पहिल्यांदा होतात आणि उतार नंतर येतो. थकलेला माणूस अर्ध्यावरून परततो आणि सुखरूप घरी येतो. दरीत हे उलटे आहे. उतरताना सगळ्यांनाच बरे वाटते. त्रास गुडघ्यांना होत असतो, पण श्वास शांत असतो, म्हणून माणूस खाली खाली जात राहतो. हृदयाची आणि फुप्फुसांची परीक्षा परतीच्या चढणीवर सुरू होते, आणि तोवर मागे फिरण्याची सोय उरलेली नसते.

माझ्या आईची गोष्ट

काही वर्षांपूर्वी दिवाळीच्या थोडे आधी आईला घेऊन मी लोणारला गेलो. ती तेव्हा बहात्तर वर्षांची होती. कमळजा देवीला जायचे, एवढाच तिचा हट्ट. मी डॉक्टर असल्याने तयारी चोख केली होती. ईसीजी काढला, साखर तपासली, नवे बूट घेतले, काठी घेतली. सकाळी तिची रक्तदाबाची गोळी मी स्वतःच्या हाताने दिली. त्या गोळीत लघवी वाढवणारे औषधही होते. पाण्याच्या दोन बाटल्या पिशवीत टाकल्या.

निघायला उशीर झाला. उतरायला सुरुवात केली तेव्हा नऊ वाजून गेले होते. आई उत्साहाने उतरली, दर्शन झाले, तळ्याकाठी थोडा वेळ बसलोही. परतीच्या वाटेवर बाराच्या सुमारास ती एका दगडावर बसली आणि उठेना. चेहरा राखेसारखा, ओठ कोरडे, नाडी बारीक आणि जलद. उभे केले की डोळ्यांपुढे अंधारी येई. मी पिशवीत हात घातला. दोन्ही बाटल्या जवळजवळ भरलेल्या होत्या.

तिला सावलीत आडवे केले, पाय उंच ठेवले, ओआरएसचे घोट घोटभर देत राहिलो. वाटेने येणाऱ्या गावातल्या दोन तरुणांनी आधार दिला. जी वाट अर्ध्या-पाऊण तासात उतरलो होतो, ती चढायला अडीच तास लागले. त्या अडीच तासांत मी डॉक्टर नव्हतो, केवळ घाबरलेला मुलगा होतो.

संध्याकाळी गाडीत ती सावरली. मी जरा रागानेच विचारले, "आई, पाणी का नाही प्यायलीस?" ती खिडकीबाहेर पाहत म्हणाली, "पाणी पेलं की मंग जा लागते. तिथं रानात कुठं जाऊ मी? अन् तुला कसं सांगू?"

आदल्या रात्रीपासून तिने पाणी तोडले होते. मी हृदय तपासले, गुडघे तपासले. तिला संकोच कशाचा आहे हे विचारले नाही. त्यात लघवीची गोळी मीच दिली होती. शरीरातले पाणी एका बाजूने जात होते आणि दुसऱ्या बाजूने येत नव्हते.

त्यानंतर मी दवाखान्यात सहलीविषयी विचारणाऱ्यांना, आणि विशेषतः त्यांच्या शेजारी गप्प बसलेल्यांना, हा प्रश्न आधी विचारतो. दहापैकी निम्मे ज्येष्ठ मान खाली घालून हसतात. प्रवासात कमी पाणी पिणे, लघवीची गोळी परस्पर टाळणे, शौचाच्या भीतीने जेवणच न करणे, हे घरोघर चालते. फक्त कोणी बोलत नाही. वयोमानाने तहानेची जाणीवही मंद होते, त्यामुळे शरीर स्वतःहून इशारा देत नाही.

निघण्यापूर्वी

तारीख ठरण्याआधी दोन-तीन आठवडे हातात ठेवा. ऑक्टोबर ते फेब्रुवारी हा काळ उत्तम. एप्रिल-मे मध्ये इथले ऊन वडीलधाऱ्यांना सोसवत नाही, आणि भर पावसात वाटा निसरड्या होतात. नवरात्रात कमळजा देवीची यात्रा भरते. गर्दी नको असेल तर ते दिवस टाळावेत.

घरीच दोन सोप्या परीक्षा घ्या. हात न टेकता खुर्चीवरून सलग पाच वेळा उठता-बसता येते का? त्याला पंधरा सेकंदांहून अधिक वेळ लागत असेल तर तोल आणि मांड्यांची ताकद कमी आहे असे समजा; बेत काठापुरता ठेवा. दुसरी परीक्षा जिन्याची. दोन मजले चढून झाल्यावर पूर्ण वाक्य न थांबता बोलता येते का? छातीत जडपणा, जबड्याकडे किंवा डाव्या हाताकडे जाणारी कळ, गरगरणे यांपैकी काही झाले तर सहल बाजूला ठेवून आधी डॉक्टरांना भेटा. रक्तदाबाच्या काही गोळ्यांनी नाडीचा वेग मुळातच आवरलेला असतो; अशा व्यक्तींनी मनगटावरच्या घड्याळातील आकड्यावर विसंबू नये, बोलण्याच्या परीक्षेवर विसंबावे.

औषधांविषयी डॉक्टरांना नेमके विचारा. लघवी वाढवणारी गोळी त्या दिवशी कधी घ्यावी? बहुधा वेळ पुढे-मागे करता येते. पण ती स्वतःच्या मनाने बंद करू नये. प्रोस्टेटच्या काही गोळ्यांनीही उठताना रक्तदाब उतरतो. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर श्रम आणि लांबलेले जेवण यांमुळे साखर घसरू शकते. घाम, थरथर, चिडचिड किंवा गोंधळ दिसला की तीन चमचे साखर पाण्यातून द्यावी, पंधरा मिनिटांनी पुन्हा पाहावे. ज्यांना हृदयाच्या किंवा मूत्रपिंडाच्या आजारामुळे पाणी मोजून प्यायला सांगितले आहे, त्यांनी ओआरएस आणि पाणी किती घ्यावे हे आधीच लिहून घ्यावे.

बूट नवे नकोत. पंधरा दिवस पायांत वावरलेले हवेत. त्या बाबतीतही मी चुकलोच होतो. दूरचे व जवळचे दोन्ही दाखवणारा चष्मा असेल तर पायऱ्या उतरताना खालची पायरी धूसर दिसते. हनुवटी खाली करून, चष्म्याच्या वरच्या भागातून पायरी पाहावी, किंवा चालण्यापुरता दूरचा साधा चष्मा ठेवावा. स्मृतिभ्रंश असलेल्या व्यक्तीच्या खिशात नाव, नातेवाइकांचा दूरध्वनी आणि औषधांची यादी असलेली चिठ्ठी ठेवावी.

प्रत्यक्ष दिवस

पहाटे निघा. लांबचा प्रवास असेल तर शक्यतो आदल्या दिवशी लोणारला मुक्काम करा. पर्यटन विकास महामंडळाचे निवासस्थान काठाजवळच आहे. गाडीत दर दोन तासांनी उतरून चार पावले चाला, बसल्या जागी घोटे फिरवा. वाटेतील स्वच्छतागृह कुठे आहे हे आधी शोधा आणि ते वडीलधाऱ्यांना न विचारता सांगा. 'पुढे अर्ध्या तासाने थांबणार आहोत' एवढ्या एका वाक्याने माणूस निर्धास्त पाणी पितो. गावात पोहोचल्यावरही पहिले काम तेच. ज्यांना लघवी आवरत नाही त्यांनी शोषक अंतर्वस्त्र वापरण्यात कमीपणा मानू नये. चष्म्याइतकीच ती साधी वस्तू आहे.

शिदोरी घरचीच बरी. दशम्या, दाण्याची कोरडी चटणी, ताक, लिंबू-मीठ-साखरेचे पाणी. खाणे मात्र गाडीत किंवा आडोशाला उरकावे, उघड्यावर पिशवी सोडली की माकडे हजर होतात. तळ्याचे पाणी तोंडात वा डोळ्यांत जाऊ देऊ नका. त्याचा पीएच १० च्या आसपास, म्हणजे साबणाच्या पाण्यासारखा असतो. काठाशी कुजलेल्या शेवाळाचा उग्र वास येतो. दम्याच्या रुग्णांनी फवारा जवळ ठेवावा, आणि वास तीव्र असेल तर दूरच थांबावे.

उतरायचेच ठरले तर उजाडताच उतरावे आणि दहाच्या आत काठावर परत यावे. दर दहा मिनिटांनी थांबावे; आणि प्रत्येक थांब्यावर, 'इथून परत चढता येईल ना?' हे विचारावे. शंका आली तर तिथूनच फिरावे. काठी दुखऱ्या गुडघ्याच्या विरुद्ध हातात. उतरताना दुखरा पाय आधी, चढताना धड पाय आधी. सोबत्याने नेहमी खालच्या बाजूला राहावे: उतरताना पुढे, चढताना मागे. हात ओढू नये; त्यांनी आपला हात धरावा, आपण त्यांचा नव्हे.

बोलण्यात गोंधळ, अंग तापून घाम थांबणे, छातीत दुखणे, तोंड वाकडे होणे यांपैकी काहीही दिसल्यास १०८ क्रमांकावर रुग्णवाहिका बोलवा, आणि ती काठापर्यंतच येईल हे ध्यानात ठेवून एकाने वर धाव घ्यावी.

शेवटचे पथ्य मोहाचे. लोणार झाले की सिंदखेड राजाला जिजाऊंचे जन्मस्थान, मेहकरचा बालाजी, शेगावचे दर्शन, असे सगळे एकाच दिवसात उरकण्याची आपल्याकडे सवय आहे. वडीलधाऱ्यांच्या बाबतीत एका दिवसाला एकच ठिकाण. दुपारची झोप ही त्या दिवसाचा भाग आहे असे समजावे.

पुन्हा एकदा

त्या प्रसंगानंतर दोन वर्षांनी आईनेच विषय काढला. पुन्हा लोणार. मी घाबरलो, पण या वेळी आधी तिला विचारले, "तुला तिथं काय हवंय?" ती म्हणाली, "खाली नाही जायचं. वरून हात जोडीन. पण घाई नको करू."

आम्ही आदल्या रात्री मुक्कामाला गेलो. सकाळी साडेसहाला काठावर घडीची खुर्ची टाकली. स्वच्छतागृह पन्नास पावलांवर होते, हे तिला ठाऊक होते. तिने चहा घेतला, पाणी घेतले, पुन्हा पाणी घेतले. ऊन समोरच्या कड्यावरून हळूहळू खाली उतरत तळ्यापर्यंत पोहोचले, तोवर ती बसून होती. देवळाच्या दिशेने हात जोडून झाल्यावर म्हणाली, "मागल्या वेळी खालून हे काहीच दिसलं नव्हतं."

म्हणून वाचकहो, आपल्या घरी सहलीचा बेत ठरत असेल तर औषधांच्या डब्याआधी तीन प्रश्न घ्या आणि ते ज्यांना न्यायचे त्यांनाच, एकांतात विचारा. तुम्हाला तिथे नेमके काय पाहायचे आहे? कशाची धास्ती वाटते? आणि मधेच परत फिरावेसे वाटले तर तुम्ही मोकळेपणाने सांगाल ना? तिसऱ्या प्रश्नाचे उत्तर 'हो' असे येईपर्यंत गाडी काढू नका.